‘६६ टक्के कशाचे?’ : मेडेलिनची केबल कार आणि एका गाजलेल्या पेपरचं वाचन

आज ज्या पेपरबद्दल लिहितेय, तो मी स्वतः चुकीचा वाचला होता. नुसता चुकीचा वाचला असता तर एकवेळ चाललं असतं. मी तो सिनॉप्सिसमध्ये घातला होता. वाक्य असं होतं : ‘कोलंबियातील मेडेलिन शहरात केबल कार सुरू झाल्यामुळे खुनांचे प्रमाण ६६ टक्क्यांनी घटले.’ छान वाक्य आहे ना? आकडा आहे, शहर आहे, ‘त्यामुळे’ आहे. समितीसमोर स्लाइड लावली आणि समोर बसलेल्या एका ज्येष्ठ सरांनी फक्त तीन शब्द विचारले : ‘६६ टक्के कशाचे?’

मी म्हणाले, ‘खुनांचे, सर.’

‘कोणत्या वर्षापासून? कोणत्या वस्त्यांत? कोणाच्या तुलनेत?’

माझ्याकडे एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं, कारण मी अ‍ॅबस्ट्रॅक्ट आणि एका परदेशी वर्तमानपत्रातला लेख एवढंच वाचलं होतं. सर शांतपणे म्हणाले, ‘पेपर वाचून या.’ विषय मंजूर व्हायला पुढची बैठक उजाडावी लागली.

तुमच्यापैकी अनेक जण पेट देऊन आता सिनॉप्सिस लिहायला बसला असाल. म्हणून तो पेपर आज आपण एकत्र वाचू. तो वाईट आहे म्हणून नाही. चांगला आहे, आणि म्हणूनच त्यातल्या मर्यादा शोधणं शिकण्यासारखं आहे. वाईट पेपरवर टीका करायला अक्कल लागत नाही.

आधी शहर समजून घेऊ

मेडेलिन (तिथले लोक साधारण ‘मेडेयीन’ म्हणतात) हे कोलंबियातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर. अँडीज पर्वतातल्या एका अरुंद खोऱ्यात वसलेलं. खोऱ्याच्या तळाशी नदी, आणि नदीला समांतर मेट्रो, जी १९९५ साली सुरू झाली. सपाटीवर उद्योग, दुकानं, दवाखाने, कॉलेजं. गरीब वस्त्या मात्र दोन्ही बाजूंच्या चढांवर. त्यातल्या बऱ्याच वस्त्या गावाकडच्या हिंसाचारातून पळून आलेल्या लोकांनी स्वतःच्या हातांनी उभ्या केलेल्या. घरापासून मेट्रोपर्यंत यायचं तर उभ्या चढावरच्या पायऱ्या, बोळ आणि वळणं घेत जाणारी बस.

हिंसाचाराचं प्रमाण किती होतं? १९९१ साली शहरात दर लाख लोकसंख्येमागे सुमारे ३८० खून होत होते. ड्रग कार्टेलचा तो काळ. पुढे दर उतरला, तरी २००२ मध्येही तो दीडशेच्या वर होता.

२००४ साली ईशान्येच्या चढावर मेट्रोकेबलची ‘के’ लाइन सुरू झाली. खाली आसेवेदो हे मेट्रोचं स्टेशन, तिथून वर आंदालुसिया, पोपुलार आणि सांतो दोमिंगो अशी तीन स्थानकं. लांबी जेमतेम दोन किलोमीटर. तासाला एका दिशेने सुमारे ३,००० प्रवासी नेण्याची क्षमता. ही पर्यटकांची रोपवे नव्हे. मेट्रोच्याच तिकिटात घर ते काम हा प्रवास करता यावा म्हणून बांधलेली रोजची वाहतूक आहे.

केबलसोबत आणखी बरंच काही आलं, आणि इथे जरा थांबा, कारण पुढे हेच लागणार आहे. सेर्जिओ फाहार्दो महापौर असताना (२००४ ते २००७) याच चढावर एकात्मिक नागरी प्रकल्प राबवला गेला : चौक, पायवाटा, ओढ्यांवरचे पूल, घरांची सुधारणा, शाळा आणि २००७ मध्ये उघडलेलं स्पेन लायब्ररी पार्क.

पेपर काय सांगतो

माग्दालेना सेर्दा आणि सहकाऱ्यांचा हा पेपर २०१२ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ एपिडेमिऑलॉजी’मध्ये आला. वाहतुकीचा विषय साथरोगशास्त्राच्या नियतकालिकात कसा? कारण लेखकांच्या दृष्टीने हिंसा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे आणि वस्तीची रचना हा त्यातला एक घटक.

रचना सोपी आहे. ज्या वस्त्यांना केबल आणि सुधारणा मिळाल्या अशा २५ वस्त्या एका बाजूला. तुलनायोग्य पण केबल न मिळालेल्या २३ वस्त्या दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडची परिस्थिती आधी (२००३) आणि नंतर (२००८) मोजली. मोजमापं दोन : सरकारी वकिलांच्या कार्यालयातल्या खुनांच्या नोंदी, आणि दोन्ही वेळा मुलाखत दिलेल्या ४६६ रहिवाशांचे जबाब.

निष्कर्ष असा की केबलच्या वस्त्यांत खुनाच्या दरातली घट कंट्रोल वस्त्यांपेक्षा ६६ टक्क्यांनी जास्त होती (रेट रेशो ०.३३, ९५ टक्के विश्वासांतर ०.१८ ते ०.६१). आणि हिंसेबद्दलच्या रहिवाशांच्या तक्रारी ७५ टक्क्यांनी जास्त घटल्या (ऑड्स रेशो ०.२५).

आता माझं वाक्य पुन्हा वाचा. ‘खुनांचे प्रमाण ६६ टक्क्यांनी घटले.’ पेपर असं म्हणतच नाही.

०.३३ म्हणजे नेमकं काय

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आकडे माझे आहेत, पेपरमधले नाहीत.

समजा कंट्रोल वस्त्यांत खुनाचा दर १०० वरून ४० वर आला. म्हणजे आधीच्या ०.४ पट उरला. केबलच्या वस्त्यांत सुरुवातीचा दर समजा १८० होता. तिथे काहीच वेगळं घडलं नसतं, तर तोही ०.४ पट होऊन ७२ झाला असता. प्रत्यक्षात तो २४ झाला. २४ भागिले ७२, म्हणजे ०.३३. हाच तो रेट रेशो.

म्हणजे ६६ टक्के ही तूट ‘जे झालं’ आणि ‘जे झालं असतं’ यांच्यातली आहे. आधी आणि नंतर यांच्यातली नाही. आमच्या उदाहरणात केबलच्या वस्तीत दर सुमारे ८७ टक्क्यांनी घटला आणि कंट्रोलमध्ये ६० टक्क्यांनी. या दोन्हींत ६६ कुठेच दिसत नाही. ‘घट ६६ टक्क्यांनी जास्त’ ही शब्दरचना अक्षरशः घेतली तर गणित जुळतच नाही, कारण ८७ हे ६० पेक्षा ६६ टक्क्यांनी मोठं नाही. शब्द लेखकांचे असले तरी अर्थ कंसातल्या आकड्यात असतो. म्हणून कंस वाचा.

विश्वासांतरही वाचा. ०.१८ ते ०.६१ म्हणजे ही तूट ८२ टक्क्यांपासून ३९ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते. दिशा स्पष्ट आहे, आकार धूसर. २५ विरुद्ध २३ वस्त्यांवरून यापेक्षा नेमकं उत्तर मिळणं अवघडच होतं. आपण मात्र मधला आकडा उचलतो आणि दोन्ही टोकं टाकून देतो.

ऑड्स रेशोचीही तीच गत. ०.२५ म्हणजे ऑड्स पावपट. समजा निम्मे लोक ‘हिंसा आहे’ म्हणत होते; तिथे ऑड्स १. ते ०.२५ झाले तर ‘हिंसा आहे’ म्हणणारे २० टक्के उरतात. ५० वरून २०, म्हणजे प्रमाणातली घट ६० टक्के. ऑड्स आणि प्रमाण यांची गल्लत ही आपल्याकडच्या प्रबंधांत इतकी सर्रास दिसते की मी आता ‘ऑड्स’ शब्द दिसला की पेन्सिल उचलते.

पेपरचं बलस्थान

या पेपरवर सगळ्यात आधी सुचणारा आक्षेप असा : ‘अहो, त्या काळात सगळ्या शहरातच खून कमी झाले होते, केबलचं काय कौतुक?’ मीही माझ्या गाईड मॅडमना मोठ्या ऐटीत हेच सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, ‘मग कंट्रोल ग्रुप कशाला असतो गं?’

बरोबर आहे. सगळ्या शहरात जे घडलं, ते कंट्रोल वस्त्यांतही घडलं आणि भागाकारात निघून गेलं. त्यामुळे टीका करायची तर ‘दुसरंही काहीतरी घडत होतं’ एवढं पुरत नाही. ‘दुसरं काहीतरी केबलच्या वस्त्यांत जास्त घडत होतं’ असं दाखवावं लागतं. हा फरक एकदा डोक्यात बसला की तुमच्या निम्म्या टीका आपोआप गळून पडतील, आणि उरलेल्या निम्म्यांना वजन येईल.

दुसरं बलस्थान म्हणजे दोन वेगळ्या वाटांनी आलेला पुरावा. मृत्यूच्या नोंदी आणि लोकांचं म्हणणं हे दोन स्वतंत्र स्रोत एकाच दिशेला बोट दाखवतात. एकातली चूक दुसऱ्यात तशीच असण्याची शक्यता कमी.

आता माझे आक्षेप

पहिला, ‘केबल’ म्हणजे काय? ज्या वस्तीत केबल गेली तिथेच चौक, पूल, शाळा, लायब्ररी गेली. औषध म्हणून एकच गोळी दिलेली नाही, अख्खी पिशवी दिलीय. रुग्ण बरा झाला तर कोणत्या गोळीमुळे, हे या रचनेतून कळू शकत नाही. लेखकांनी हे लपवलेलं नाही. केबलसोबत वस्तीच्या पायाभूत सुविधांत गुंतवणूक झाली, हे ते अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्येच सांगतात आणि निष्कर्षही वस्तीच्या भौतिक पायाभूत सुविधांबद्दल काढतात. पिशवीतून केबल तेवढी वेगळी काढली ती आपण : पत्रकारांनी, सल्लागारांनी आणि माझ्यासारख्या सिनॉप्सिसवाल्यांनी.

दुसरा, बदल ‘बाहेरून’ आला का? नैसर्गिक प्रयोगाचा सगळा डोलारा यावर उभा असतो की कोणाला उपचार मिळाला हे परिणामाशी संबंध नसलेल्या कारणाने ठरलं. लेखक केबलला असा बाह्य बदल मानतात. पण केबलची जागा लॉटरीने ठरलेली नव्हती. मेट्रोचं स्टेशन जवळ हवं, चढ योग्य हवा, दाट वस्ती हवी, आणि प्रशासनाची इच्छा हवी. पहिल्या दोन गोष्टींचा खुनांशी थेट संबंध लावणं कठीण. शेवटच्या दोहोंचा लावता येतो. जिथे महापालिकेचं लक्ष गेलं, तिथे पोलिसांचंही गेलं असेल तर? हा प्रश्न कंट्रोल ग्रुप घेऊनही मिटत नाही.

तिसरा, आणि माझ्या मते सगळ्यात जड : २००३ आणि २००८ हीच वर्षं. त्या काळात मेडेलिनमध्ये काय चाललं होतं बघा. ऑक्टोबर २००२ मध्ये पश्चिमेच्या कोमुना १३ मध्ये ‘ऑपरेशन ओरियन’ ही मोठी लष्करी कारवाई झाली. नोव्हेंबर २००३ मध्ये ‘कासिके नुतिबारा’ या निमलष्करी गटाच्या आठशेहून अधिक जणांनी शस्त्रं खाली ठेवली. गटाचा म्होरक्या दिएगो मुरिय्यो, ऊर्फ ‘दोन बेर्ना’, याची पकड मात्र सुटली नाही. गुन्हेगारी जगावर एकाच माणसाची सत्ता असल्यामुळे आपसातल्या मारामाऱ्या थांबल्या, असं अनेक अभ्यासक मानतात. ‘सुशासन’ या अर्थाच्या ‘गोबेर्नाबिलिदाद’ या स्पॅनिश शब्दावरून लोकांनी त्या शांततेला ‘दोनबेर्नाबिलिदाद’ असं उपरोधिक नाव दिलं. मे २००८ मध्ये त्याचं अमेरिकेला प्रत्यार्पण झालं, त्याच्या जागेसाठी भांडणं पेटली, आणि २००९ मध्ये शहरातला खुनाचा दर २००७ च्या दुपटीपेक्षा जास्त झाला. तेव्हा केबल नेहमीसारखी सुरूच होती.

आता गाईड मॅडमचा प्रश्न स्वतःला विचारा : हे सगळं तर पूर्ण शहरात घडलं, मग कंट्रोल ग्रुपने ते सांभाळलं नाही का? टोळ्यांची सत्ता सगळ्या वस्त्यांत सारखी असती तर सांभाळलं असतं. पण टोळीचं राज्य गल्लीगणिक बदलतं. २००३ पर्यंत चाललेल्या टोळीयुद्धाची झळ जर केबलच्या वस्त्यांना जास्त बसली असेल, तर युद्ध संपल्यावर तिथला दर जास्त घसरणारच, केबल असो वा नसो. २००३ हे वर्ष एका बाजूसाठी असाधारण वाईट असेल, तर नंतरची सुधारणा काही अंशी नुसतं सरासरीकडे परतणं असू शकतं. हे तपासायचं तर २००३ च्या आधीची पाच-सात वर्षं दोन्हीकडचे दर समांतर चालत होते का, हे बघावं लागतं. आधीचा एक बिंदू आणि नंतरचा एक बिंदू जोडला की रेघ नेहमी सरळच येते.

चौथा, गळती. चौकात उजेड आला, वर्दळ वाढली आणि वसुली करणारी पोरं दोन टेकड्या पलीकडे गेली, तर कंट्रोल वस्ती बिघडते आणि केबलचा परिणाम आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. उलट, शेजारच्या कंट्रोल वस्तीतले लोकही केबल वापरू लागले तर परिणाम लहान दिसतो. टीका करताना नुसतं ‘बायस आहे’ म्हणू नका. तो कोणत्या दिशेला ढकलतो ते सांगा. दिशा सांगता आली नाही तर तो आक्षेप अजून कच्चा आहे.

पाचवा, लहान पण मनाला लागणारा. ४६६ लोक हे २००३ मध्येही भेटले आणि २००८ मध्येही. मधल्या पाच वर्षांत जे मारले गेले, जे धमकीमुळे रातोरात घर सोडून गेले, ते दुसऱ्या मुलाखतीला नव्हते. हिंसेबद्दलचं सगळ्यात कडू उत्तर ज्यांच्याकडे होतं, तेच नमुन्यातून बाहेर. असं दोन्ही बाजूंना सारखं घडलं असेल तर तुलनेला धक्का कमी. नसेल तर जास्त. पण टेबलमध्ये ‘एन’ बघताना जे त्या ‘एन’मध्ये नाहीत त्यांची आठवण ठेवा.

त्याच केबलबद्दल दुसरा पेपर

एकच पेपर वाचून मत बनवू नका, हे तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. इथे त्याचा फायदा दिसतो. पीटर ब्रँड आणि हुलिओ दाविला यांनी २०११ मध्ये ‘सिटी’ या नियतकालिकात मेट्रोकेबलवर लिहिलं. त्यांचा प्रश्न साधा होता : वाहतूक म्हणून केबलने काय केलं? त्यांचा सूर असा की क्षमता मर्यादित आहे, चढावरच्या बहुसंख्य लोकांचा प्रवास अजूनही इतर साधनांनीच होतो, आणि केबलचा मोठा परिणाम प्रतीकात्मक आहे : शहराने आपली दखल घेतली ही भावना.

दोन्ही पेपर एकत्र ठेवले की एक गंमत होते. लोकांची ने-आण मर्यादित, तरीही हिंसेतली घट मोठी, हे दोन्ही खरं असेल, तर घट प्रवासाच्या सोयीमुळे झालेली नसावी. मग ती पिशवीतल्या दुसऱ्या कशामुळे, किंवा दखल घेतली गेल्यामुळे, किंवा टोळ्यांच्या राजकारणामुळे. संशोधनाचा प्रश्न असा सापडतो : दोन चांगल्या पेपरांच्या मधल्या फटीत.

एवढा कीस का काढायचा?

कारण असे आकडे नियतकालिकात राहत नाहीत, ते विमानाने फिरतात. २०१४ साली जागतिक शहरी मंच मेडेलिनमध्ये भरला आणि जगभरचे महापौर, अधिकारी केबलमध्ये बसून आले. त्याआधीच, २०११ मध्ये, रिओ दि जानेरोत कोंप्लेक्सो दो अलेमाँव या फावेलांच्या समूहावर मेडेलिनच्या धर्तीवर केबल उभी राहिली. २०१६ मध्ये, ऑलिंपिक आटोपल्यावर, ती बंद पडली. रिकामे डबे तारांवर लटकत राहिले आणि खालचे लोक पुन्हा पायी चढू लागले. पिशवीतली एक गोळी उचलली, तीही सगळ्यात चमकदार, आणि वाटलं रुग्ण बरा होईल.

आपल्याकडेही २०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पर्वतमाला ही रोपवे योजना जाहीर झाली आणि वाराणसीत शहरी रोपवेचं काम हाती घेतलं गेलं. उद्या एखाद्या प्रकल्प अहवालात ‘मेडेलिनमध्ये ६६ टक्के’ असं वाक्य दिसलं, तर ते तुमच्या-माझ्यासारख्या कुणाच्या तरी सिनॉप्सिसमधून गेलेलं असू शकतं. त्यातून कुठल्या वस्तीला नळ मिळणार आणि कुठल्या वस्तीला तार, हे ठरतं.

पुढच्या बैठकीला मी तीच स्लाइड पुन्हा लावली. वाक्य बदललं होतं : ‘मेडेलिनमध्ये केबल कार आणि तिच्यासोबत वस्ती-सुधारणा मिळालेल्या २५ वस्त्यांत, २००३ ते २००८ या काळात, खुनाचा दर तुलनायोग्य २३ वस्त्यांवरून अपेक्षित होता त्याच्या सुमारे एक तृतीयांश उरला, मात्र याच काळात टोळ्यांच्या सत्तेत मोठे बदल झाल्याने यातील केबलचा वाटा वेगळा सांगता येत नाही.’ लांबलचक आहे, मान्य. वर्तमानपत्रात चालणार नाही. सरांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, ‘पुढची स्लाइड.’

तुमच्या सिनॉप्सिसमध्येही असं एखादं छान, छोटं, टक्केवारीवालं वाक्य नक्की असेल. आज रात्री ते काढा, मूळ पेपर उघडा, आणि समितीने विचारायच्या आधी स्वतःला विचारा : टक्के कशाचे?